जुळ्याचं दुखणं

कंपालाच्या नासेर रोडवर, आमच्या छापखान्यात,
झावेद्देची कादंबरी पहिल्यांदा जन्मली
तेव्हा वीज दोनदा गेली.
ओंगोम मशीन पुसत म्हणाला,
जनरेटरचं तेल लेखिकेच्या हिशेबात धरा.
पाचशे प्रती. कव्हरवर तिच्या चुलतबहिणीचा फोटो,
तोही कुणाच्या लग्नातला,
शेजारच्या माणसाचा खांदा अर्धवट कापलेला.
शहाण्णवावं पान दोनदा आलं,
सत्त्याण्णवावं आलंच नाही.
प्रुफं मी वाचली होती.
सत्त्याण्णवावं मला पाठ आहे, कुणी विचारलं तर सांगते.

आणि विचारतात.
मागच्या कव्हरवर छापखान्याचा नंबर आहे ना.

खपली ती वांडेगेयातल्या सलूनमध्ये.
वेण्या घालून होईस्तो चार तास लागतात,
तेवढ्यात निम्मी गोष्ट होते,
उरलेली घालणारणीला मोठ्यानं वाचून दाखवायची.
एक घरमालक तणतणत आला :
तिसऱ्या प्रकरणातला तो कंजूष मीच!
सेबोवांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला
आणि दोन प्रती विकल्या.

तीन वर्षांनी तीच गोष्ट लंडनहून उतरली.
पुठ्ठ्याची बांधणी, शाई बोटांना लागत नाही.
किंमत पाहून मी पुस्तक
झोपलेलं मूल ठेवावं तसं खाली ठेवलं.
कव्हरवर सूर्य बुडतोय, मैदानात एकटं झाड.
झावेद्देची गोष्ट तर घडते चौथ्या मजल्याच्या जिन्यात.
झाड आहे एकच, फणसाचं,
परसातलं, आणि त्याच्यावरूनच सगळी कोर्टकचेरी.

ती कोर्टकचेरीच गेली.
अख्खी तीन प्रकरणं :
आत्या तारखांना जाते,
वकिलासाठी केळीच्या पानात मटोके बांधून नेते,
कारकुनाला त्याच्या आजोबांच्या नावानं हाक मारते.
तिकडून समासात लिहून आलं होतं, वाचक इथे थकेल.
त्याखाली, युद्ध कुठे आहे?
झावेद्देनं एक परिच्छेद युद्ध लिहून दिलं,
शेजाऱ्याच्या काकांकडून ऐकलेलं.

रोलेक्स या शब्दाभोवती लाल गोल :
इतक्या गरीब मुलाकडे हे घड्याळ कसं?
अगं बाई,
चपातीत गुंडाळलेलं आम्लेट ते, कोपऱ्यावरच्या गाड्यावरचं.
आता ते तिरप्या अक्षरांत आहे,
जणू चपाती तव्यावरून घसरतेय,
आणि शेवटी शब्दार्थांची यादी.
आमच्या प्रतीत यादी नव्हती.
कुणासाठी करायची?

पण खोटं कशाला बोलू.
तिकडच्या पैशांतून झावेद्देनं आईच्या घरावर पत्रे घातले.
सेबोवांकडे तिचे निम्मे पैसे अजून अडकलेत,
भेटली की थंडगार सोडा पाजतात.
आणि पान एकसष्ट.
आमच्या प्रतीत तिथे आत्याचं नाव बदलतं,
नाल्वोगाची एकदम नामुली होते,
दोन पानं नामुलीच राहते.
दोनदा वाचूनही मला दिसलं नव्हतं.
कुणा अनोळखी बाईनं,
जिच्या हाताला कधी फणसाचा चीक लागला नसेल,
माझ्या आत्याला तिचं नाव परत दिलं.
ते कळलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता दोन्ही एकाच फळीवर आहेत.
एकाला वाळवी लागली की दुसऱ्यालाही हलवावं लागतं.
ओंगोम झावेद्देला हल्ली नालोंगो म्हणतो,
ती हसते, खूश होते.
का, ते यादीत नाही.

काल मसाकाहून एका म्हाताऱ्याचा फोन.
पुतण्यानं परदेशातून पुस्तक आणलं,
मागे नंबरच नाही हो,
विचारत विचारत तुमच्यापर्यंत आलो.
आत्या भेटली. जिना चढलो. युद्धही वाचलं,
ते काही आमच्या भागातलं वाटलं नाही.
पण परसात एक फणस आहे ना,
तो शेवटी कुणाचा झाला?

मी म्हटलं, थांबा, चहा खाली ठेवते.
आणि पहिल्या तारखेपासून
सांगायला घेतलं.